दोनदा गेलेली टीम

शुक्रवारी तळवड्याच्या ऑफिसात जेवताना कोणीतरी विचारलं, "पुण्याला आयपीएलची टीम का नाही रे?" पलीकडून उत्तर आलं, "होती की! दोनदा!" सगळे हसले. मी पण हसलो, पण डबा संपेपर्यंत डोक्यात तेच.

उजळणी करू. 2010 मध्ये सहाराने 37 कोटी डॉलरला पुणे वॉरियर्स घेतली. गहुंजेचं स्टेडियम तयार नव्हतं, म्हणून 2011 मध्ये 'पुण्याचं' होम ग्राउंड नवी मुंबईत! पुढे फीवरून बीसीसीआयशी वाद झाला आणि 2013 मध्ये टीम बंद पडली. मग चेन्नई-राजस्थानवर दोन वर्षांची बंदी आली, तेव्हा रिकाम्या जागेवर गोएंकांची रायझिंग पुणे. 2017 ची फायनल एका रनने हरलो. एका रनने! आणि करार दोनच वर्षांचा असल्याने टीमच संपली. 2021 मध्ये त्याच गोएंकांच्या ग्रुपने 7090 कोटींना लखनौ घेतलं. 'सुपर जायंट्स' नावासकट.

थोडक्यात काय, शहराचं नाव म्हणजे बदलता येणारं व्हेरिएबल. कोड तोच.

अमेरिकेत ऑनसाइट राहून आलेल्यांना हे नवीन नाही. तिथे कॉलेजच्या टीम्सचंही हेच झालं. टीव्हीच्या पैशासाठी लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं 2024 पासून बिग टेनमध्ये गेली, जी मुळात मिडवेस्टची लीग. पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये! 1915 पासूनच्या जुन्या पॅक-12 मध्ये त्या वर्षी उरली फक्त दोन.

आता कोणी म्हणेल, धंदा आहे, चालायचंच. मान्य. आपणही पॅकेज बघून कंपनी बदलतो, मालकांना कुठल्या तोंडाने बोलणार? शिवाय या पैशाने पोरांचं भलंही झालं. थेरगावच्या वेंगसरकर अकॅडमीत घडलेला आपला ऋतुराज गायकवाड 2024 मध्ये चेन्नईचा कॅप्टन झाला, ते लीग होती म्हणूनच.

पण एक फरक आहे. आपण कंपनी बदलतो तेव्हा स्टँडमध्ये कोणी आपल्या नावाचा टी-शर्ट घालून घसा फोडत नसतो. करारात मालक असतो, बोर्ड असतं, चॅनल असतं. ओरडणारा नसतो. आणि ब्रँडला किंमत येते ती त्याच्याच ओरडण्यामुळे.

मग ओरडायचं कोणासाठी? माझं उत्तर: जी टीम विकता येत नाही तिच्यासाठी. वॉरियर्स बंद पडली त्याच 2013-14 च्या सीझनला महाराष्ट्र रणजीच्या फायनलला पोचला होता. केदार जाधवने त्या सीझनमध्ये 1223 रन्स काढल्या, देशात सगळ्यात जास्त. फायनल कर्नाटककडून हरलो. वॉरियर्स गेल्याचं दुःख करणाऱ्या माझ्यासारख्या किती जणांना हे तेव्हा माहीत होतं? मला नव्हतं. लाज वाटली, खरं सांगतो.

ही टीम लखनौला जाणार नाही. लिलावात येणार नाही. वाईट खेळली तरी आपलीच. तिला फक्त प्रेक्षक मिळत नाहीत.

गहुंजे इथून देहूरोडमार्गे फार लांब नाही. पुढची रणजी मॅच लागली की एक दिवस सुट्टी टाकणार आहे. मॅनेजरला काय सांगायचं ते बघू.. खरंच सांगीन म्हणतो.

येताय का?