रिपोर्टातला ठळक ६४

कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतो. पंचेचाळिशीचा माणूस लोकलमध्येच तो उघडतो. साखर बघतो, कोलेस्टेरॉल बघतो आणि चौथ्या पानावर अडकतो. एसजीपीटी ६४. आकडा ठळक, पुढे ‘एच’. घरी पोचेपर्यंत लिव्हर खराब झाल्याची सगळी लक्षणं मोबाइलवर वाचून होतात. जेवताना बायको म्हणते, “तरी मी सांगत होते, शनिवारचं ते बसणं बंद करा.” दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून लिव्हर टॉनिकची बाटली येते आणि विषय मिटतो. आकडा का वाढला, हे मात्र कुणी विचारलेलंच नसतं.

या तपासणीचं नावच मुळात फसवं आहे. म्हणायचं ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’, पण एसजीपीटी आणि एसजीओटी यकृताच्या कामाबद्दल काहीच सांगत नाहीत. ही दोन्ही विकरं पेशीच्या आत राहून काम करणारी. पेशीला इजा झाली की ती रक्तात झिरपतात. आकडा सांगतो तो या गळतीचा. यकृत काम कसं करतंय याचा अंदाज घ्यायचा तर अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ बघावा लागतो.

शिवाय गळती दरवेळी यकृतातूनच होते असंही नाही. एसजीओटीची कीर्ती झाली तीच मुळी हृदयविकारामुळे. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी दाखवलं की हार्ट ॲटॅकनंतर रक्तातलं हे विकर वाढतं, आणि पुढे बरीच वर्षं ही तपासणी त्याच निदानासाठी होत राहिली. कारण साधं आहे : एसजीओटी स्नायूंतही भरपूर असतं आणि एसजीपीटीही तिथे थोडंफार असतं. व्यायामाची सवय नसलेल्या धडधाकट पुरुषांनी तासभर वजनं उचलली, तर दोन्ही आकडे पुढे आठवडाभर चढलेले राहू शकतात, हे प्रयोगात दिसलेलं आहे. नव्या वर्षाचा संकल्प म्हणून रविवारी जिमला सुरुवात आणि मंगळवारी रक्ततपासणी, या योगायोगाने कितीतरी निरोगी यकृतं बदनाम झाली असतील.

आता तो ‘एच’ कुठून आला ते पाहू. एका लॅबची वरची मर्यादा ४०, दुसरीची ५५. वरवर निरोगी दिसणाऱ्या लोकांच्या रक्तावरून या मर्यादा ठरतात, आणि त्या ‘निरोगी’ लोकांतही यकृतावर चरबी साठलेले असतातच. म्हणून अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये एसजीपीटीची खरी मर्यादा पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि स्त्रियांसाठी १९ ते २५ मानावी असं सुचवलं. म्हणजे एखाद्या बाईंचा ३८ हा आकडा आपल्याकडच्या कागदावर बिनबोभाट पास होतो, तिथल्या मोजपट्टीवर नापास ठरतो.

मग ६४ चं करायचं काय? पहिलं काम बाटली आणण्याचं नव्हे, विचारपूस करण्याचं. आणि इथेच गाडी घसरते. “औषधं कुठली चालू आहेत?” असं डॉक्टर विचारतात, “काहीच नाही” असं उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं. रोज सकाळचा काढा, वजन उतरवण्याची पावडर, जिमवाल्याने दिलेला डबा, गुडघ्यासाठी गावाहून आलेली पुडी, यांतलं काहीच आपल्या हिशेबी औषध नसतं. करोनाच्या पहिल्या वर्षी घरोघरी गुळवेल उकळत होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले ६ रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ही दुखणी ६४ च्या आकड्यापेक्षा कितीतरी गंभीर होती, पण ‘झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार’ हा भरवसा त्यांनी खोटा ठरवला. ॲलोपथीच्या गोळ्याही सोवळ्या नाहीत. रोज ४ ग्रॅम पॅरासिटामॉल दोन आठवडे दिल्यावर निरोगी स्वयंसेवकांपैकी साधारण तिघांत एकाचा एसजीपीटी मर्यादेच्या तिपटीवर गेल्याचं २००६ मध्ये दिसलं होतं. या सगळ्यात यकृत ‘साफ’ करायला आणखी एक अनोळखी मिश्रण पोटात घालणं मला तरी अजब वाटतं.

दारूचा प्रश्न बायकोने विचारलाच आहे. तो डॉक्टरांनीही आडपडदा न ठेवता विचारावा. हेपेटायटिस बी आणि सी या तपासण्या एकदा करून टाकाव्यात. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात त्या आणि त्यांवरचे उपचार मोफत आहेत. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, पोटात पाणी साठणं किंवा आकडा शेकड्यांत जाणं, यांत मात्र वाट पाहत बसू नये.

एवढं करून उरतो तो बहुतेकदा फॅटी लिव्हर. केंद्र सरकारच्याच आकड्यांनुसार देशात ९ ते ३२ टक्के लोकांना तो आहे, आणि २०२१ मध्ये त्याला असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जागा मिळाली. त्यावर सगळ्यात भरवशाचा उपाय कंटाळवाणा आहे : ८० किलोच्या माणसाने ६ ते ८ किलो उतरवणं.

पण खरा प्रश्न चरबीचाही नाही, यकृत आतून निबर होतंय का याचा आहे. त्यासाठी ‘फिब-४’ नावाचं साधं गणित आहे. वय गुणिले एसजीओटी; त्याला प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचं. समजा, लोकलमधल्या माणसाचं वय ४५, एसजीओटी ४०, प्लेटलेट २ लाख २० हजार. ६४ चं वर्गमूळ ८. उत्तर येतं १.०२. ते १.३ च्या खाली आहे, म्हणजे यकृत निबर झाल्याची शक्यता कमी. आता शेजारचे ६२ वर्षांचे काका घ्या. एसजीओटी ३८, एसजीपीटी ३६, दोन्हींपुढे ‘एच’ नाही. प्लेटलेट १ लाख १० हजार. उत्तर ३.५७. हे २.६७ च्या वर आहे, म्हणजे काकांनी लवकर पोटविकारतज्ज्ञांकडे जायला हवं. चौथं पान कोरं बघून ते पेढे आणायला निघालेत.

पस्तिशीच्या आतल्यांना हे गणित नीट लागू पडत नाही आणि पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात, तरी त्याला खर्च शून्य आहे. लॅबवाल्यांनी ते आपणहून छापायला काय हरकत आहे? वय पहिल्या पानावर आहे, प्लेटलेट दुसऱ्या, विकरं चौथ्या. संगणकाला एक ओळ वाढवायची आहे, त्यासाठी रक्ताचा एक थेंबही जास्त काढावा लागत नाही.