आयरिश सणाचे ताट

१७ मार्च हा आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा सण. तो लेंटच्या उपवासकाळात येतो, तरी त्या दिवशी मांसाची मोकळीक असे. अमेरिकेतील आयरिश घरांत या सणास खारवलेले गोमांस व कोबी शिजतात. आयर्लंडात मात्र डुकराचे खारे मांस, कोबी, बटाटे आणि सोडा घालून भाजलेला पाव. म्हणून कित्येक जण अमेरिकेतील ताटास नकली म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. अठराव्या शतकात कॉर्क बंदरातून खाऱ्या गोमांसाची पिंपेच्या पिंपे परदेशी जात. गुरे राखणाऱ्या गरिबाच्या वाट्यास बटाटाच. १८४५ पासून तोही शेतात कुजला. सुमारे दहा लक्ष माणसे मेली व तितक्यांहून अधिकांनी देश सोडला. न्यूयॉर्कमध्ये त्यांना हेच मांस स्वस्त मिळाले, पुष्कळदा यहूदी खाटकांकडे. वाडवडिलांनी जे खारवले पण चाखले नाही, ते लेकरांच्या ताटात पडले. त्यास नकली कोणत्या तोंडाने म्हणावे?

पेल्याची गोष्ट निराळी. शेवटच्या पेल्यात शॅमरॉकचे पान बुडविण्याची तिकडे चाल आहे खरी. परंतु सुमारे १९६० पर्यंत कित्येक वर्षे आयर्लंडात त्या दिवशी मद्याची दुकाने कायद्यानेच बंद असत. डब्लिनच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात तेवढा पेला मिळे, आणि म्हणतात, त्या दिवशी शहरातील श्वानप्रेम एकाएकी वाढे!