धारेवर धरा!

आमच्या बारामतीत हल्ली सुरी बोथट झाली की माणसे नवी सुरी आणतात. विळी बोथट झाली की ती बिचारी माळ्यावर जाते. या प्रवृत्तीचा मी जाहीर निषेध करतो. बँकेत कुणी असे चांगले चालणारे खाते बुडीत दाखवले असते, तर त्याची चौकशी लागली असती!

वास्तविक सुरीची धार एकदम मरत नाही. आधी नुसती मुडपते. तिला निसण्यावर घासली की पोलाद झिजते. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत हा घसारा! पण कातड्यावर फिरवली तर मुडपलेली कड सरळ होते आणि भांडवल जवळजवळ शाबूत राहते. न्हाव्याचा चामोटा वस्तऱ्याचे हेच तर करीत असे. सलूनमध्ये आता गिऱ्हाईकागणिक नवे अर्धे ब्लेड लागते. रक्तातून पसरणारे रोग पाहता ते योग्यच. पण आमच्या घरच्या कांद्याला कसला रोग होणार आहे?

चामोटा मिळेना, म्हणून मी पँटचा पट्टा दाराच्या कडीला अडकवला. सुरीला धार आली. मी मात्र पँट सावरत बँकेत गेलो. मग जुन्या जीनचा पाय वापरला. तोही चालला. शेवटी वर्तमानपत्राची घडी घेतली. अग्रलेखाने हल्ली कशालाच धार येत नाही म्हणतात. माझ्या सुरीला आली! फक्त सुरीची पाठ पुढे ठेवून ओढायची. उलटे केलेत तर अग्रलेखाचे दोन तुकडे. अगदीच बोथट सुरीला चिनी मातीच्या बरणीचे खरखरीत बूड उत्तम. "अहो, आधी लोणचं तरी काढून घ्यायचंत!" इति सौ.

"धार लावायला वेळ कुणाला आहे?" असे विचारणाऱ्यांनी हंगामात इंदापूरच्या रस्त्याला लागावे. भवानीनगरच्या आसपास उसाचे फड दिसतील. बीडकडून आलेले तोडकरी तिथे कानशीने कोयता पाजळतात. नवरा-बायकोच्या जोडीलाच तिथे 'एक कोयता' म्हणतात आणि मजुरी मिळते टनावर. कोयता बोथट, तर रात्रीची भाकरी कमी. त्यांना वेळ सापडतो. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर चहात ढवळीत बसलेल्या आपल्याला तेवढा सापडत नाही!

तेव्हा टाकायला काढलेली सुरी आधी आजच्या पेपरावर दहा-वीस वेळा फिरवून बघा. नाहीच आली धार, तर खुशाल मला धारेवर धरा.