विश्लेषण : पोकरच्या ‘टिप्स’ खऱ्या, तरी खिसा रिकामा का?

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने बंदी आणली. पोकर ‘शिकून’ जिंकता येतो, असे सांगणाऱ्या मराठी-हिंदी चित्रफिती मात्र मोबाइलवर फिरतच आहेत. त्यातल्या युक्त्या बहुतांशी खोट्या नाहीत. मग परभणी तालुक्यातल्या झरीसारख्या गावातून खेळणाऱ्याचा हिशेब का जुळत नाही?

हा प्रश्न आताच का?

‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन विधेयक’ २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. तीन दिवसांत मोठ्या भारतीय कंपन्यांनी पोकर, रमी आणि पैशांचे फँटसी क्रिकेट बंद केले. महाराष्ट्रात त्याआधीच महिनाभर हा विषय तापला होता. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत जुलैमध्ये बाहेर आली. आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. पण महिनाअखेर कृषी खाते जाऊन त्यांच्याकडे क्रीडा खाते आले. सोयाबीनच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या मराठवाड्यात त्यावर काय बोलले गेले, हे वेगळे सांगायला नको.

दरवर्षी ४५ कोटी लोक या खेळांत सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने दिला. माणशी सरासरी काढली तर ती साडेचारशे रुपयेही होत नाही. पण ही सरासरीच फसवी आहे. बहुतेकांचे शे-दोनशे जातात आणि थोड्यांचे शेत जाते.

‘टिप्स’ नेमके काय सांगतात?

तीन पत्ती खेळलेल्याला पोकर समजायला वेळ लागत नाही. सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या ‘टेक्सास होल्डम’ प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते बंद मिळतात आणि टेबलावर पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडतात. या सातांतून उत्तम पाच पत्त्यांचा हात ज्याचा, त्याचा पॉट. प्रत्येक टप्प्यावर पैसे वाढवायचे, समोरच्याची चाल भरायची किंवा पत्ते टाकून द्यायचे. तीन पत्तीपेक्षा माहिती जास्त मिळते आणि निर्णयही जास्त घ्यावे लागतात. कौशल्याला जागा आहे ती इथे.

पहिली टिप सगळेच देतात : बहुतेक हात खेळूच नका. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. वेगवेगळ्या रंगांची दुर्री-सत्ती हाती आली तर ती टाकायचीच. दुसरी टिप बसण्याच्या जागेची. ज्याची चाल शेवटी येते, त्याला आधीच्या सगळ्यांनी काय केले ते दिसलेले असते, म्हणून त्याने थोडे सैल खेळले तरी चालते.

तिसरी टिप हिशेबाची. समजा तुमच्या हातात बदामाचे दोन पत्ते आहेत आणि टेबलावरच्या चार पत्त्यांत आणखी दोन बदाम आहेत. शेवटचा पत्ता बदामाचा आला तर रंग जुळेल. न दिसलेले पत्ते ४६, त्यांत बदामाचे ९. म्हणजे साधारण पाचात एकदा. पॉटमध्ये २०० रुपये होते, समोरच्याने १०० टाकले, आता तुम्हाला १०० भरायचे आहेत. हा प्रसंग ४६ वेळा आला तर ९ वेळा तुम्ही ३०० रुपये, म्हणजे एकूण २,७०० जिंकाल. ३७ वेळा १०० गमवाल, म्हणजे ३,७००. दर वेळी सरासरी २२ रुपयांचा तोटा. पत्ते टाकणे हेच शहाणपण. पारावर पत्ते कुटणारा ‘येईल की बदाम’ म्हणत पैसे भरतो आणि शिकलेला खेळाडू त्याच्या त्या आशेवर कमावतो.

शेवटची टिप बहुतेक जण ऐकून सोडून देतात. खेळासाठी वेगळा काढलेला पैसा एका टेबलावर लागतो त्याच्या किमान तीसपट असावा, आणि हरल्यावर भरून काढायला कधीही वरच्या टेबलावर जाऊ नये. या टिपचा हिशेब झरीतल्या खिशाला लावून पाहायला हवा.

कौशल्याची मजुरी किती पडते?

१ आणि २ रुपयांच्या लहान टेबलावर प्रत्येक डावाची अनिवार्य बोली २ रुपये. टेबलावर २०० रुपये घेऊन बसायचे, म्हणजे तीसपट पैसा झाला ६ हजार. केंद्राने २०२५-२६साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला. आडतीवर तोही मिळत नाही, ही वेगळी तक्रार. तरी एक क्विंटल सोयाबीन विकून खेळाचे भांडवल उभे राहत नाही.

आता समजा हा खेळाडू खरोखर चांगला आहे. नाल वजा जाता १०० डावांमागे पाच बोल्या, म्हणजे १० रुपये सुटणे हे भल्याभल्यांना जमत नाही. तासाला ८० डाव धरले तर १० हजार डावांना १२५ तास लागतात आणि कमाई होते १,००० रुपये. तासाला आठ रुपये. आठ तास मोबाइलमध्ये डोळे घालून ६४ रुपये; महाराष्ट्रात २०२५-२६साठी रोजगार हमीचा दिवसाचा दर ३१२ रुपये होता.

तेही सरासरीने. पोकरमध्ये चढउतार प्रचंड असतात. १०० डावांत नव्वद-एक बोल्या इकडे-तिकडे होणे नेहमीचेच. त्या हिशेबाने १० हजार डावांनंतरही अशा चांगल्या खेळाडूंपैकी दहात जवळपास तिघे तोट्यातच असतील. आपण वाईट खेळतो की नशीब वाईट आहे, हे १२५ तासांनंतरही त्यांना कळणार नाही. उलट बाजूने, कच्चा खेळाडू दोन-तीन महिने फायद्यात राहून स्वतःला पक्का समजू लागतो. हे जास्त घातक आहे.

मोठ्या टेबलावर जावे, तर १० आणि २० रुपयांच्या टेबलाला ६० हजारांचे भांडवल लागते. हमीभावाने धरले तरी ते ११ क्विंटल सोयाबीन होते. कोरडवाहू रानात जवळपास दोन एकरांचे पीक. शिवाय त्या टेबलावर समोर बसलेला माणूस बंगळूरूत किंवा मुंबईत दोन-दोन पडदे मांडून हेच काम पूर्णवेळ करणारा असतो. तो माणूसच असेल याचीही खात्री नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या ‘प्लुरिबस’ या संगणकीय प्रणालीने २०१९मध्येच सहा जणांच्या टेबलावर नामांकित व्यावसायिकांना हरवून दाखवले होते.

मग पैसा जातो कुठे?

घरी सहा जण बसून खेळले तर एकाचे गेलेले दुसऱ्याकडे येते. पैसा टेबलावरच राहतो. ऑनलाइन टेबलावर दर पॉटमधून कंपनी ‘रेक’ कापते. जुगाराच्या अड्ड्यावर यालाच ‘नाल’ म्हणतात. अड्डा चालवणारा स्वतः पत्त्याला हात लावत नाही, पण पहाटे नफ्यात तोच असतो.

सहा जण प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले. सरासरी पॉट २०० रुपयांचा आणि रेक ५ टक्के धरा. दर डावाला १० रुपये, तासाला ८० डाव, म्हणजे तासाला ८०० रुपये टेबलावरून नाहीसे होतात. सहा हजार रुपये साडेसात तासांत संपतात. कोणी कितीही चांगले खेळो, सगळ्यांचे मिळून तेवढे जाणारच. कौशल्य एवढेच ठरवते की आधी कोण संपेल.

त्यावर कर. १ ऑक्टोबर २०२३पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. कर धरून हजार रुपये भरले तर खेळायला उरतात ७८१. काही कंपन्या ‘बोनस’ देऊन ही तूट झाकत, आणि तो बोनस पुन्हा खेळल्याशिवाय काढता येत नसे. सप्टेंबर २०२५मध्ये हा दर ४० टक्के झाला. जिंकलेल्या निव्वळ रकमेतून ३० टक्के उद्गम करकपात एप्रिल २०२३पासून होतीच, आणि त्यासाठी किमान मर्यादा नव्हती. बंदीच्या आधी, सगळे कायदेशीर असताना, चित्र हे होते.

कौशल्य की नशीब, न्यायालये काय म्हणाली?

यात परभणीला जवळचा एक धागा आहे. ‘रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६७चा निकाल सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यातला, आणि तो निजामाच्या काळातल्या हैदराबाद जुगार कायद्याखाली लागला. १९५६पर्यंत परभणी जिल्हाही त्याच हैदराबाद राज्यात होता. त्याच निकालात तीन पत्त्यांचे खेळ निव्वळ नशिबाचे ठरवले गेले, हे मात्र रमीच्या जाहिरातींत कधी आले नाही.

पोकर या दोन टोकांच्या मधे लटकत राहिला. महाराष्ट्रात १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंध कायदा अजून लागू आहे आणि त्याचे कलम १३ केवळ कौशल्याच्या खेळांना सूट देते. गुजरातचा कायदाही त्याच मुळाचा. तो वाचून गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये पोकर हा नशिबाचा खेळ ठरवला. मद्रास उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३मध्ये उलट दिशा धरली आणि रमी व पोकर यांना नशिबाचे खेळ ठरवणारी तमिळनाडूच्या कायद्यातली तरतूद रद्द केली. महाराष्ट्राने स्वतःचा ऑनलाइन कायदा केला नाही. शेजारच्या तेलंगणाने २०१७मध्येच बंदी घातली होती. नांदेडपल्याड गुन्हा आणि अलीकडे करमणूक, अशी स्थिती आठ वर्षे राहिली.

नव्या कायद्याने काय बदलले?

केंद्राने हा वादच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोन्हींचा. पैसे भरून पैसे जिंकण्याची अपेक्षा असेल तर तो ‘ऑनलाइन मनी गेम’. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि ५० लाखांपर्यंत. पैशांची ने-आण करून देणाऱ्या बँका व पेमेंट कंपन्याही कक्षेत आहेत. चालवणे आणि पैसे फिरवणे हे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही.

कंपन्यांनी कर्नाटकसह काही उच्च न्यायालयांत आव्हान दिले आणि ती प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०२५ रोजी स्वतःकडे घेतली. गोव्याच्या मांडवीतले तरंगते कॅसिनो या कायद्याखाली येत नाहीत. ते गोव्याच्या १९७६च्या कायद्यातील नंतरच्या दुरुस्त्यांवर चालतात.

धोका आता कुठे आहे?

परदेशातून चालणाऱ्या संकेतस्थळांवर. भारतीय ॲप बंद झाल्यावर सवय जडलेला माणूस टेलिग्रामवरच्या दुव्याने तिकडे जातो. तिथे पत्ते खरोखर पिसले जातात का, समोर कोण आहे, जिंकलेले मिळतील का, हे तपासणारे कोणी नाही. परवानाधारक म्हणवणाऱ्यांनीही हे केले आहे. २००७-०८मध्ये ‘अल्टिमेट बेट’ आणि ‘ॲब्सोल्यूट पोकर’ या संकेतस्थळांवर आतल्याच लोकांनी इतरांचे बंद पत्ते पाहून खेळल्याचे उघड झाले. १५ एप्रिल २०११ला अमेरिकेने मोठी संकेतस्थळे बंद पाडली, तेव्हा ‘फुल टिल्ट’कडे खेळाडूंचे पैसे परत द्यायला पुरेशी रक्कमच नव्हती, अनेकांना त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. तिथे हिशेब, बसायची जागा, संयम, कोणतीही टिप कामाची नाही.

दुसरा धोका खेळण्याशी संबंधितही नाही. असे ॲप पैसे गोळा करायला लोकांची बँक खाती भाड्याने घेतात. महिन्याला चार-पाच हजार मिळतील म्हणून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती देणारा तरुण सायबर गुन्ह्याच्या तपासात पहिला सापडतो, कारण नाव त्याचे असते. त्याच खात्यात पीकविम्याची किंवा अतिवृष्टीच्या अनुदानाची रक्कम येणार असेल, तर खाते गोठल्यावर तीही अडकते.

कोणी अडकले असेल तर?

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम वाटेत रोखण्याची शक्यता जास्त असते. व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट आणि ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो जपून ठेवावा. खेळणाऱ्याला नव्या कायद्यात शिक्षा नसल्याने केवळ खेळल्याच्या भीतीने तक्रार टाळण्याचे कारण नाही. ‘अडकलेले पैसे काढून देतो’ म्हणून आगाऊ शुल्क मागणारा फोन ही बहुधा दुसरी फसवणूक असते.

सवय सुटत नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचे व्यसन हा आजार म्हणून नोंदलेला आहे, आणि त्यावर उपचार होतात. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून त्यावर मराठीत बोलता येते. घरच्यांनाही त्यावर फोन करता येतो.