मन वाचता येतं का?

फिलिपाइन्समध्ये एखाद्या मुलीनं ‘मी मानसशास्त्र शिकते’ असं सांगितलं, की समोरचा हमखास विचारतो, ‘मग सांग बघू, माझ्या मनात काय आहे?’ दुसरा जरा दूरच सरकतो. ही आपल्याला वेडं ठरवेल, ही त्याला भीती. तिथं वेड्याला ‘बालिव’ म्हणतात. हा शिक्का बसू नये म्हणून कित्येक जण आपलं दुःख कुणाला सांगतच नाहीत.

खरं तर ती विद्यार्थिनी मन वाचत नाही, आणि तिनं लगेच उपचारही करायचे नसतात. तिथल्या २०१० च्या कायद्यानुसार मानसशास्त्रज्ञ व्हायला पदव्युत्तर शिक्षण आणि परवाना परीक्षा लागते. त्याच देशातले मानसशास्त्रज्ञ विर्जिलिओ एन्रिकेझ यांनी ‘काप्वा’ या शब्दावर भर दिला: समोरचा माणूस परका नाही, माझ्यासारखाच आहे. समजून घेणं ते हेच.

भगिनींनो, आपल्याही लेकी हा विषय घेतात. त्यांना ‘वेड्यांची डॉक्टर’ म्हणून चिडवू नका. त्या हसण्यामुळे घरातलंच कुणीतरी आपलं दुखणं गिळून गप्प बसतं. त्याला आधी बोलू द्या आणि गरज पडली, तर संकोच न करता डॉक्टरांकडे न्या.