गाणी बँडची, मग 'बेस्ट ऑफ' अल्बम कंपनीचा कसा?

जून 2008 मध्ये 'रेडिओहेड' या ब्रिटिश अल्टरनेटिव्ह रॉक बँडचा 'द बेस्ट ऑफ' अल्बम आला. गाणी बँडचीच, पण ती निवडण्यात बँडचा हात नव्हता. बँडने कंपनी सोडली होती, जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क मात्र कंपनीकडेच होते.

याचा अमरावती-अकोल्याशी काय संबंध?

अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांची गाणी 'सिंहासन' (1979) आणि 'उंबरठा' (1982) या चित्रपटांत आहेत. अशा प्रत्येक गाण्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात. भट 2003 मध्ये गेले. शब्दांवरचा हक्क निधनानंतर 60 वर्षं, म्हणजे 2063 अखेरपर्यंत टिकतो. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं असतो आणि तो बहुतेकदा निर्माता किंवा कंपनीकडे जातो. जुन्या गाण्यांचे संग्रह काढण्याची चावी त्यामुळे त्यांच्याच हातात असते.

मग कलाकाराला काय मिळतं?

2012 च्या कायदादुरुस्तीनुसार सिनेमागृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांना समान वाटा मिळतो. हा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही.

वऱ्हाडीत रॅप किंवा गाणी करत असाल, तर सही करण्याआधी तीन गोष्टी बघा: मास्टर रेकॉर्डिंग कोणाचं? हक्क किती वर्षांसाठी दिले? संग्रहात वापरायला तुमची परवानगी लागेल का? करारात मुदतच लिहिली नसेल, तर कायदा ती 5 वर्षं धरतो. पण 'कायमस्वरूपी' असं लिहिलेलं असेल, तर तुमच्याच 'बेस्ट ऑफ'बद्दल तुम्हाला कोणी विचारणार नाही.