दुसरी किल्ली कोणी करावी?



माझा एक माजी विद्यार्थी वडापची गाडी चालवतो. बारावीनंतर त्याचे शिक्षण सुटले आणि कर्ज काढून त्याने एक जुनी गाडी घेतली. विकणाऱ्याने एकच किल्ली दिली. दुसरी कुठे तरी हरवली, म्हणाला. गेल्या पावसाळ्यात ही एकुलती एक किल्लीही ओढ्याच्या पाण्यात गेली. एसटी स्थानकासमोर बसणाऱ्या चावीवाल्याने कुलपावरून माप घेऊन, कानशीने घासून तासाभरात नवी चावी करून दिली. पैसे घेतले दीडशे. दार उघडले. चावी स्टार्टरच्या कुलपात फिरली, इंजिन सुरू झाले आणि दोन सेकंदांत बंद पडले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

त्याने मला फोन केला. म्हणाला, "सर, चावी तर तंतोतंत बसलीय. मग गाडी मला ओळखत का नाही?"

शेवटी गाडी टोचन करून जिल्ह्याच्या गावी, कंपनीच्या सेवा केंद्रात न्यावी लागली. आठ दिवस गाडी तिथे पडून होती. चौदा हजार रुपये गेले, आठ दिवसांची कमाई बुडाली आणि बँकेचा हप्ता चुकला. हे सारे एका किल्लीपायी! तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. आपल्या मालकीच्या गाडीची दुसरी किल्ली आपली आपल्याला का करता येऊ नये? माझे मत असे की, ती करता यायला हवी. ते मत का झाले, हे सांगण्यासाठी आधी किल्लीच्या पोटात शिरू या.

आजच्या बहुतेक मोटारींच्या किल्लीत दोन किल्ल्या दडलेल्या असतात. एक पोलादी पात्याची. ती चावीवाल्याला करता येते. दुसरी किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात बसवलेली, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी असू शकते. तिला ट्रान्सपाँडर म्हणतात. तिच्यात तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे वेटोळे आणि एक चिप असते. बॅटरी मात्र नसते. (दार उघडण्याच्या बटणासाठी जी बॅटरी असते, ती निराळी. ती संपली तरी इंजिन सुरू होऊ शकते, ते यामुळेच.)

मग चिपला वीज कोठून मिळते? दहावीच्या पुस्तकातला फॅरडे आठवा. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात वेटोळे ठेवले की त्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे त्याने १८३१ साली दाखवले. स्टार्टरच्या कुलपाभोवतीही एक वेटोळे असते. किल्ली फिरवली की त्यातून सेकंदाला साधारण सव्वा लाख आवर्तने करणारा प्रत्यावर्ती प्रवाह वाहतो आणि किल्लीतल्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. म्हणजे तुम्ही ज्याची आकृती काढता, तो रोहित्रच हा. फक्त त्याची दोन वेटोळी दोन वेगळ्या वस्तूंत ठेवली आहेत. ह्या चिमूटभर विजेवर चिप जागी होते आणि गाडीशी बोलते. ओळख पटली तर गाडीतला संगणक इंधन चालू ठेवतो, नाही तर तोडतो. ह्या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. महाविद्यालयाच्या आवारात मी माझ्या मोटारीच्या किल्लीचे डोके ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून हा प्रयोग मुलांना दाखवला. क्षेत्र आत पोचेना आणि किल्ली अस्सल असूनही इंजिन बंद पडले. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीचे दुखणे हेच होते. पाते होते, बोलणारी चिप नव्हती.

पण चिप बोलते तरी काय? सुरुवातीचे उत्तर फार साधे होते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८६ सालच्या कॉर्व्हेट मोटारीच्या किल्लीत चक्क एक रोध बसवला. गाडी तो रोध मोजे आणि बरोबर असला तरच सुरू होई. रोधाची मूल्ये होती अवघी पंधरा, सुमारे ४०० ओहमपासून ११,८०० ओहमपर्यंत. ज्याच्या हाती मल्टिमीटर, त्याला ही किल्ली वाचता येणारच. ओहमचा नियम काही कोणाच्या तिजोरीत नाही!

नंतरची युक्ती अधिक चतुर आहे. ती वर्गात करून पाहा. तुम्ही आणि तुमचा मित्र एक गुप्त अंक ठरवा, समजा ७. मित्र मोठ्याने कोणतीही संख्या सांगेल, समजा २३. तुम्ही २३ ला ७ ने गुणून येणाऱ्या १६१ चे शेवटचे दोन अंक, म्हणजे ६१, सांगायचे. मित्र मनात तेच गणित करतो आणि उत्तर जुळले की तुम्हाला ओळखतो. दर वेळी प्रश्न नवा, त्यामुळे जुने उत्तर चोरून ऐकून उपयोग नाही. गाडी आणि किल्ली असेच प्रश्नोत्तर करतात. अर्थात आपला गुणाकार बाकावरचा तिसरा मुलगा दोन मिनिटांत ओळखेल. म्हणून खऱ्या किल्लीतले गणित फार गुंतागुंतीचे असते आणि गुप्त संख्या फार मोठी. नवी किल्ली गाडीला 'शिकवणे' म्हणजे ह्या दोघींमध्ये ओळख करून देणे, इतकेच.

आता मुद्द्याकडे येतो. ह्या व्यवस्थेत गुप्त काय ठेवायचे? ती संख्या, की गणिताची रीतसुद्धा? अनेक कंपन्यांनी रीतही लपवली आणि किल्ली शिकवण्याची कृतीही आपल्या सेवा केंद्रापुरती ठेवली. कारण सांगितले सुरक्षिततेचे.

ह्या कारणात दम किती, हे इतिहासाने पुन्हा पुन्हा तपासले आहे. लंडनच्या जोसेफ ब्रामाने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगले होते. किल्लीवाचून जो उघडील त्याला २०० गिनी बक्षीस! पन्नासहून अधिक वर्षे कोणी ते जिंकले नाही. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज ह्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खपून ते उघडले. पुष्कळ लोक रागावले. असे ज्ञान उघड केले तर चोरांचे फावेल, म्हणाले. पण चोर आपल्या धंद्यात आधीच तरबेज असतात. अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा गृहस्थ. पुढे १८८३ साली केर्कहॉफ्स ह्या भाषांच्या प्राध्यापकाने सैन्याच्या सांकेतिक लिपींविषयी लिहिताना एक नियम मांडला. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त असावी ती केवळ किल्ली. संकेतशास्त्राचा पाया म्हणून हा नियम आजही शिकवतात.

तो मोडल्यावर काय होते, हे २००५ साली दिसले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळा यांच्या संशोधकांनी लक्षावधी मोटारींत वापरलेल्या एका ट्रान्सपाँडरची गुप्त रीत शोधून काढली. त्यातील गुप्त संख्या ४० बिटांची होती. म्हणजे शक्यता २ चा ४० वा घात, सुमारे १ लाख १० हजार कोटी. सेकंदाला एक तपासली तर जवळजवळ ३५ हजार वर्षे लागतील. परंतु सोळा विशेष चिपांच्या संचाने पाच किल्ल्यांच्या संख्या दोन तासांच्या आत काढल्या. रीत लपवल्यामुळे संख्या लहान आहे ही उणीव झाकली गेली, दूर झाली नाही. दुसऱ्या एका ट्रान्सपाँडरवरील शोधनिबंध २०१३ साली लंडनच्या न्यायालयाच्या मनाईमुळे अडला आणि २०१५ साली, एक वाक्य वगळून, प्रसिद्ध झाला. दोन वर्षे निबंध थांबला. कुलपातील दोष थांबला नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, मग कोणीही उठून कोणाच्याही गाडीला किल्ली शिकवील!" शंका रास्त आहे. २०१२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये चोरांनी बीएमडब्ल्यू मोटारींच्या डॅशबोर्डखालील तपासणीच्या जोडणीला यंत्र लावून कोऱ्या किल्ल्या शिकवल्या आणि गाड्या पळवल्या. पण ह्या घटनेतून काय शिकायचे? कृती ठाऊक झाली हा दोष नव्हे. जोडणीतून किल्ली मागणाऱ्याला 'तू मालक कशावरून?' असे गाडीने नीट विचारले नाही, हा दोष. ज्या दाराला कडीच नाही, त्याचा पत्ता लपवून भागत नाही.

कडी कशी घालावी, याचाही नमुना आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या फोर्डच्या अनेक मोटारींत मालकाला नवी किल्ली घरच्या घरी शिकवता येते आणि तिची कृती गाडीबरोबरच्या पुस्तिकेतच छापलेली असते. आधी शिकवलेली पहिली किल्ली लावून काही सेकंद फिरवायची. ती काढून लगेच दुसरी शिकवलेली किल्ली तशीच फिरवायची. मग ठरावीक सेकंदांत नवी, कोरी किल्ली लावायची. झाले! अट एवढीच की, आधीच्या दोन किल्ल्या हाती हव्यात. ज्याच्याजवळ दोन्ही किल्ल्या, तो बहुधा मालकच. गॅरेजवाल्याच्या किंवा तात्पुरत्या ड्रायव्हरच्या हाती साधारणपणे एकच किल्ली देतो आपण. त्याला तिसरी करता येत नाही. सारी रीत छापलेली आहे, आणि तरी तिच्यामुळे चोराच्या हाती काही पडत नाही. केर्कहॉफ्सला ही योजना पसंत पडली असती!

सर्वच किल्ल्या हरवल्या तर? तेव्हा गाडीची नोंदणी आणि मालकाची ओळख तपासूनच किल्ली द्यावी. पण ती तपासणी फक्त कंपनीच्या केंद्रानेच करावी, असा काही निसर्गनियम नाही. अमेरिकेत पार्श्वभूमी तपासून नोंदवलेल्या स्वतंत्र कारागिरांना किल्लीची माहिती मिळण्याची व्यवस्था आहे. आपल्याकडेही २०१४ साली स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या कारागिरांना मिळू न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. पण प्रश्न केवळ माझ्या विद्यार्थ्याचा नाही, हे त्या निकालाने दाखवून दिले. एसटी स्थानकासमोरच्या त्या चावीवाल्याच्या हातात कसब आहे. त्याला माहिती आणि नोंदणी मिळाली, तर त्याचा धंदा टिकेल आणि गावची गाडी गावातच सुरू होईल.

कंपन्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. अर्धवट माहितीवर कोणी बाजारातले स्वस्त यंत्र जोडले, तर गाडीचा संगणक बिघडू शकतो. पण यावर उपाय माहिती दडवणे हा नाही. पुरी माहिती देणे हा आहे.

तर मित्रांनो, आज घरी गेल्यावर वडिलांना किंवा काकांना विचारा, गाडीच्या चालू किल्ल्या किती आहेत? एकच असेल तर ती हरवण्याआधी दुसरी करून घ्यायला सांगा. पहिली हाती असताना हे काम बहुधा सोपे आणि स्वस्त असते. जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागून घ्या. गाडीची पुस्तिका उघडून किल्लीचे प्रकरण वाचा. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवताना फळ्यावर एकदा ही किल्लीही काढा. पोरांच्या खिशातले विज्ञान पोरांना कळले पाहिजे.

माझ्या विद्यार्थ्याकडे आता दोन किल्ल्या आहेत. एक त्याच्या खिशात, एक घरी देवघराशेजारच्या खिळ्याला. परवा त्याने पुन्हा फोन केला. म्हणाला, "सर, आता कळलं, गाडी मला नाही, चावीतल्या आकड्याला ओळखते. मग तो आकडा माझा की कंपनीचा?"

मला उत्तर ठाऊक आहे. तुमचे काय मत आहे?